चालत्या गाडीचा पार्ट

"हा काटा माझ्यावर खार खाऊन आहे. दोन दिवस मोजून पाणी प्यायलोय, तरी म्हणे अडीच किलो वाढले."

टॅक्सीवाले काका वजनकाट्यावर उभे राहून पुटपुटत होते. त्यांच्या मागे मी आणि माझ्या मागे आमचे हे. जागा इतकी अरुंद की ती कुरकूर खास माझ्याच कानात केल्यासारखी वाटली.

"काका, आधी बूट काढा," मशीनवाल्या ताई म्हणाल्या. "अर्धा किलो तिथेच कमी होईल."

"आणि बाकीचे दोन?"

"त्यांचं कलिंगडाला विचारा."

काका बूट काढायला वाकले. कलिंगडाचं ताईंना कसं कळलं, हे विचारायची सोय नव्हती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. डायलिसिसची ही खोली चार वर्षांपासून आमचं दुसरं घर आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या घरापेक्षा इथे गप्पा जास्त होतात. चार तास हात हलवायचा नाही म्हटल्यावर माणूस तोंड हलवणारच. पहिल्या खुर्चीवर टॅक्सीवाले काका. तीस वर्षं टॅक्सी चालवली, आता पाय साथ देत नाहीत. दुसऱ्या खुर्चीवर हेडबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. तिसऱ्या खुर्चीवर आमचे हे. पाण्याचे पंप दुरुस्त करतात, म्हणून सगळ्यांचे 'पंपवाले'. मी शेजारच्या स्टुलावर. मी 'वहिनी'. चौथ्या खुर्चीवरची माणसं बदलत राहतात, त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

या तिघांना एकत्र बांधलं ते मोटारींच्या शर्यतीने. शर्यत असते रविवारी, पण हे तिघं ती बघतात सोमवारी, एकत्र. ताई घरी रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर आणतात आणि भिंतीवरच्या टीव्हीला लावतात. त्यामुळे एक करार झालेला आहे: रविवार संध्याकाळपासून कोणी बातम्या बघायच्या नाहीत, सोमवारी पेपर उघडायचा नाही, आणि निकाल चुकून कळलाच तर तोंडातून काढायचा नाही. काका तर जावयाचा फोनसुद्धा घेत नाहीत, कारण जावई भडभड्या आहे. निकाल फक्त ताईंना माहीत असतो, आणि चार वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरून तो एकदाही कोणाला वाचता आलेला नाही.

मला सुरुवातीला यातलं काही कळत नसे. गोल गोल फिरून माणसं परत तिथेच येतात, त्यासाठी एवढं पेट्रोल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर तिघांचं ब्लड प्रेशर एकदम वाढलं. सातवीत शाळा सुटलेली मी, पण आता मला गिअरबॉक्स कळतो आणि किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिनही कळतं. दोन्ही याच स्टुलावर बसून शिकले.

त्या सोमवारी माझ्या पिशवीत एक पाकीट होतं. तीन आठवडे ते तिथेच होतं. माझी किडनी ह्यांना चालेल असा रिपोर्ट, आणि सोबत एक फॉर्म. माझी सही झालेली, ह्यांच्या सहीची जागा कोरी. गुरुवारी किडनी बसवायला मंजुरी देणारी डॉक्टरांची समिती बसणार होती. त्यासाठी फॉर्म आज अकराच्या आत ताईंच्या हातात पडायला हवा होता, नाहीतर पुढची समिती तीन महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले होते, ह्यांच्या हृदयावर ताण येतोय, तीन महिने थांबणं बरं नाही. ह्यांनी 'नाही' म्हटलं नव्हतं. 'बघू' म्हटलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर 'बघू' म्हणजे काय ते बायकोला सांगावं लागत नाही.

खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण तो विषय कोणी काढत नव्हतं, जणू तोही रविवारचा निकालच.

ताईंनी ह्यांच्या डाव्या हाताला दोन सुया लावल्या. एका झटक्यात शीर सापडते त्यांना, त्यासाठी मी त्यांना दर वेळी मनात हात जोडते. त्या हातातली शीर ऑपरेशन करून जोडलेली आहे, कान लावला तर आतून घरघर ऐकू येते. हे रोज सकाळी उठल्या उठल्या मनगट कानाला लावतात आणि म्हणतात, "चालू आहे लाइन." मग मी चहा ठेवते.

मशीनचं चाक फिरू लागलं, नळ्या लाल झाल्या आणि शर्यत सुरू झाली.

निळ्या रंगाच्या दोन गाड्या आमच्या लाडक्या. त्यांच्या चालकांची नावं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून एक थोरला आणि एक धाकटा. थोरला नावाजलेला, धाकटा आपला मुकाट्याने मागे गाडी हाकणारा. या वेळी थोरला पहिल्या रांगेत होता आणि धाकटा सगळ्यांच्या शेवटी.

"का हो शेवटी?" काका म्हणाले. "मागच्या शर्यतीत तर चांगला चालवत होता."

हेडबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. निवेदकाचं इंग्रजी ऐकून मराठीत सांगायचं काम त्यांचं. "शनिवारी थोरल्याची गाडी भिंतीला घासली. गिअरबॉक्स फुटला. जादाचा होता तो आधीच जळला होता. म्हणून धाकट्याच्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स काढून थोरल्याला बसवला. धाकट्याला दोन मोडक्यांचा मिळून एक जोडून दिला."

"हे नियमात बसतं?"

"नियमात बसतं."

"मनात नाही बसत," काका म्हणाले. "त्या पोराला विचारलं तरी का?"

"त्यानेच दिला म्हणतात. थोरल्याला यंदा जिंकायची संधी आहे, मला नाही, असं म्हणाला."

"म्हणेल. लहान आहे." हे इतका वेळ गप्प होते. "पण मेकॅनिकला कळायला पाहिजे. चालत्या गाडीचा पार्ट काढायचा नसतो. एक बंद होती, दोन बंद पडतात."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. तीस वर्षं त्यांच्या धंद्याचा तो कायदा आहे. कितीही मोठा माणूस मागे लागला, की शेजारच्या पंपाचं काढून आमच्या पंपाला लावा, तरी हे हत्यारं गोळा करून निघून येतात. आणि तीन आठवड्यांपूर्वी रिपोर्ट आला त्या दिवशीही हे वाक्य म्हणून ते उठले आणि चांगला चालणारा नळ दुरुस्त करायला गेले होते.

काका छताकडे बघू लागले. हेडबाई वहीत रेघ ओढू लागल्या. प्रत्येक फेरीला कोण कितवा, हे त्या मोकळ्या हाताने लिहून ठेवतात.

"एकदा काढला होता," मी म्हणाले.

"काय?"

"चालत्या पंपाचा पार्ट. तुम्हीच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे आठवलं होतं.

"सांगा वहिनी," काका म्हणाले. "इथे सांगायला वेळच वेळ आहे."

मग मी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बाळंतपणाच्या दवाखान्याचा पंप बंद पडला. सील गेलं होतं, त्या मापाचं दुसरं कुठे मिळेना, दुकानं दोन दिवस बंद. आत सात बाळंतिणी आणि टाकीत पाणी नाही. हे घरी येऊन ओट्याला टेकून नुसते उभे राहिले. बोलले काही नाहीत. ह्यांची सवयच तशी. मी कामावर सोबत जाते ना, तेव्हासुद्धा पंपाखाली आडवे पडून नुसता हात पुढे करतात. कुठला पाना हवा ते सांगत नाहीत, मी ओळखून हातात ठेवायचा. त्या दिवशी मी म्हटलं, आपल्या पंपाचं सील त्याच मापाचं आहे की. काढा ते.

"आणि मग?" हेडबाईंनी विचारलं.

"मग काय, नवीन सील येईपर्यंत आठ दिवस तीन जिने बादल्या वाहिल्या मी. काही झालं नाही मला. उलट दंड मजबूत झाले. नंतर ते ह्यांना अधूनमधून दाखवत असे."

काका हसले. हेसुद्धा थोडे हसले, पण लगेच म्हणाले, "तो पंप होता."

"हो. आणि आपला होता. आपलं द्यायला कोणाची परवानगी काढायची?"

"पुढे बघा," ते म्हणाले. "बाराच फेऱ्या राहिल्यात."

थोरला पहिला होता. धाकटा शेवटून निघून नववा झाला होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. थोरल्याची गाडी चाकं बदलायला आत आली. माणसं धावली, डोळ्याचं पातं लवायच्या आत चारही चाकं निघाली, चारही बसली. ताई नेमक्या त्याच क्षणी पाठ फिरवून आमच्या मशीनवरचे आकडे वाचू लागल्या.

काकांनी ते पाहिलं. "ताई, तुम्ही वळलात का?"

"बीपी बघतेय."

"आताच बघितलं होतं तुम्ही. अरे देवा, काहीतरी होणार."

झालंच. गाडी वळणावर गेली आणि मागचं चाक दारू प्यायल्यासारखं डुलू लागलं. चाकाचा नट पुरता आवळलाच नव्हता. थोरला गाडी कडेला घेऊन गवतावर थांबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तसाच बसला. चांगला गिअरबॉक्स, चांगलं इंजिन, आणि एका नटापायी सगळं जागच्या जागी.

काकांनी मोकळा हात कपाळावर मारला.

"हेच," हे म्हणाले. आवाज इतका खाली की मला वाकून ऐकावं लागलं. "देणारा देतो गं. आणि घेतलेलं असं गवतात वाया गेलं, तर घेणाऱ्याने तोंड कुठे लपवायचं?"

तीन आठवडे मी समजत होते की ह्यांना माझी काळजी आहे. ती होतीच. पण हे दुसरं मला आत्ता कळलं.

"वाया काय गेलं?" हेडबाई वहीवर पेन्सिल आपटत म्हणाल्या. "नट सैल ठेवला ते वाईट. दिला ते वाईट नाही. आणि दोन गाड्या बंद पडणार म्हणाला होतात ना पंपवाले? तुमचा धाकटा बघा."

आम्ही बघितलं. दोन मोडक्यांचा जोडलेला गिअरबॉक्स घेऊन धाकटा सातवा होता. मग सहावा. काका खुर्चीत पुढे सरकले, ताईंनी त्यांचा खांदा धरून मागे बसवलं. शेवटच्या फेरीला धाकटा पाचवा आला. बक्षीस नाही, हार नाही, कॅमेराही नीट वळला नाही त्याच्याकडे. पण गाडी रेषेपार गेली, आपल्या चाकांवर.

मग पडद्यावर थोरला दिसला. हेल्मेट काखेत धरून तो भिंतीपाशी केव्हाचा उभा होता. धाकटा गाडीतून उतरला तसा तो पुढे गेला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. एवढ्या कलकलाटात ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काय म्हणाला असेल?" काका म्हणाले. "माफ कर म्हणाला असेल, नाही?"

"काही का म्हणेना." हेडबाईंनी पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली आणि मान वळवली. शाळेत या हालचालीने आख्खा वर्ग सरळ बसत असणार. "पंपवाले, वहिनींना द्यायची आहे, हे आम्हाला तीन आठवडे माहीत आहे. डॉक्टरांना ती चालणार आहे, हेही माहीत आहे. तुम्हाला हवी आहे का, हे तुम्हाला कोणी विचारलंय?"

घड्याळात दहा चाळीस झाले होते.

मी आठवून पाहिलं. सही कधी करता, हे मी विचारलं होतं. भीती वाटते का, माझ्यावर विश्वास नाही का, माझं ऐकणार की नाही, हेही. रागावून झालं होतं, रडून झालं होतं. हे एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं. हक्काने ताटात वाढावं तशी मी किडनी वाढायला निघाले होते.

हे मशीनच्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत होते. पहिल्या दिवशी त्याच चाकाला कान देऊन ते ताईंना म्हणाले होते, बेअरिंग चांगलं आहे तुमचं.

"मागायची सवय नाही हो मला, बाई."

"मग लावून घ्या," हेडबाई म्हणाल्या.

ताई दोन खुर्च्यांच्या मध्ये हातात बँडेज घेऊन थांबल्या होत्या. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ह्यांनी मोकळा उजवा हात माझ्यासमोर धरला, तळवा वर, पंपाखालून धरतात तसा. मी सवयीने पिशवीत हात घातला, पाकीट काढलं, पेन शोधलं आणि त्यांच्या हातात ठेवायला गेले.

त्यांनी मान हलवली. पेन घेतलं नाही, माझं मनगट धरलं. सव्वीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे साधं मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

"मला हवीय," ते म्हणाले. "मला हवीय गं, तुझी किडनी."