भिंतीवरचा नंबर

सांगलीच्या कॉलेजातली दीपाली म्हसवडजवळच्या एका गावात एनएसएसच्या शिबिराला आली होती. घरोघरी माहिती घेताना तिला एकट्या राहणाऱ्या मनुबाई भेटल्या. मुलगा फौजेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दीपालीनं खटपट करून साताऱ्याच्या दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख मिळवली, ती नेमकी तिच्या पेपरच्या दिवशीची निघाली.

"सर, मी थांबू का?"

"आणि वर्ष वाया घालवणार?" शिबिराचे सर म्हणाले.

निघताना तिनं कोळशानं भिंतीवर आपला नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला.

"आजी, सोबत कुणी मिळालं नाही तर मला फोन करा."

मनुबाईंनी भिंत चाचपली. "कुठं लिवलास, पोरी? मला तर भिंतबी दिसंना."

बाहेर बस हॉर्न देत होती. दीपालीनं त्यांचा हात घट्ट धरला.