वगळलेली फाइल

खडवलीच्या महिपतकाकांना कारणे दाखवा नोटीस मिळाल्याचं मला कॅन्टीनमध्ये कळलं, आणि सांगणारा ते हसत हसत सांगत होता. "त्या खडवलीवाल्याने वायर ढिली ठेवलेली ना, म्हणून तो डोंबिवलीचा बॉक्स गेला." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की चहा तसाच ठेवून मी उठले. महिपत गायकवाड आणि ढिली वायर! सव्वीस वर्षं ज्या माणसाने स्क्रू पिळल्यावर पुन्हा एकदा बोटाने चाचपून पाहिला, त्याच्याबद्दल हे बोलायचं आणि वर समोसा खायचा.

आमची कंपनी कोलशेतला आहे. कारखान्यात विषारी वायू गळला की भोंगा वाजवणारे बॉक्स आम्ही बनवतो. प्रत्येक बॉक्सच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यावर लिनक्स चालतं, आणि त्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, सेन्सरशी बोलायला शिकवणारा ड्रायव्हर लिहिणं हे माझ्या टीमचं काम. काका सर्व्हिसमध्ये. बॉक्स बसवायचे, तपासायचे, बिघडले की दुरुस्त करायचे.

मागच्या महिन्यात डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अमोनिया गळला. बॉक्स भिंतीवर होता, दिवा हिरवा होता, सगळं ठीक असल्याचं सांगत होता. चाळीस मिनिटं! पॅकिंगमधल्या तीन बायका खोकून खोकून खाली बसल्या, तेव्हा माणसांना कळलं. त्या वाचल्या, हे आमचं नशीब, आमचं कर्तृत्व नव्हे. कंपनीने आठ दिवसांत दोषी शोधला. शेवटचं सर्व्हिसिंग कोणी केलं? महिपत गायकवाडांनी. मग झालं. सोमवारी चौकशी, आणि ठपका कायम झाला तर बडतर्फी. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने उरले होते.

मी जागेवर जाऊन तक्रारींचं सॉफ्टवेअर उघडलं. त्या मॉडेलबद्दल काकांनी दीड वर्षात अकरा तक्रारी टाकल्या होत्या. अकराही बंद. प्रत्येकीपुढे एकच शेरा: पुन्हा घडवता आले नाही. खाली 'अधिक माहिती' म्हणून एक बटण होतं. ते दाबलं तर काकांच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो उघडला.

"टेस्टचा भोंगा वाजतो तेव्हा ऑपरेटर सेन्सरची पिन उपटतो. त्यानंतर कधी कधी बॉक्स गोठतो. हिरवा दिवा तसाच राहतो. वायर तपासली, ठीक आहे. आतले बघावे."

अकरा वेळा हेच. शुद्ध, सरळ मराठीत. आणि ते बटण माझ्याआधी दीड वर्षात किती वेळा दाबलं गेलं हेही सॉफ्टवेअर सांगत होतं: शून्य.

मी तशीच आमच्या मॅनेजरकडे, विनीतकडे गेले.

"हे वाचलंस तू?"

"संचिता, ते हार्डवेअरचं आहे. वायरिंग इश्यू."

"तो माणूस लिहितोय, वायर ठीक आहे. आतलं बघा म्हणतोय."

"आणि आपण बघतो की. रोज रात्री सगळ्या टेस्ट केसॅन लावून चालतात. एक तरी रिपोर्ट आलाय? सगळं ग्रीन आहे. मग आतून काय होणार?"

हे केसॅन म्हणजे कर्नलमधला एक पहारेकरी. ड्रायव्हर कामापुरती मेमरी मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. परत केलेली जागा मग दुसऱ्या कोणाला तरी मिळते. पण कधी कधी खोली सोडून गेलेला भाडेकरू डुप्लिकेट चावी ठेवून घेतो आणि नव्या भाडेकरूच्या घरात जाऊन आपलं सामान टाकतो, तसं कोडचंही होतं. अशी चूक दिसत नाही, आठवडे आठवडे काही बिघडत नाही, आणि एक दिवस भलतंच काहीतरी कोसळतं. केसॅन सोडलेल्या प्रत्येक जागेवर खूण करून ठेवतो. तिथे कोणी पाय टाकला की जागा कोणी सोडली, कधी सोडली आणि आता कोण घुसलं, हे सगळं नावानिशी पडद्यावर ओरडून सांगतो. त्याने बॉक्स हळू चालतो, म्हणून कारखान्यात जाणाऱ्या बॉक्समध्ये तो नसतो, फक्त आमच्या टेस्टमध्ये असतो. म्हणजे आमच्या टेस्टमध्ये तो जागा असायलाच हवा.

विनीतचं म्हणणं बिनतोड वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. दोन दिवस मी टेबलावर बॉक्स मांडून सेन्सरची पिन काढत आणि लावत बसले. काही झालं नाही. बॉक्स मजेत, पडदा शांत. शुक्रवारी सकाळी मी खाली स्टोअरमध्ये गेले. चौकशी होईपर्यंत काकांना साइटवर जायला बंदी होती, आणि त्यांना नट-बोल्ट मोजायला बसवलं होतं. सव्वीस वर्षांचा कारागीर आणि नट-बोल्ट! मला तिथे उभं राहवेना.

"काका, वर चला. मला होत नाहीये."

त्यांनी माझा प्रयोग पाहिला आणि मान हलवली. "अगं, असं कोण काढतं? तू अगदी सावकाश, पूजेचं फूल काढावं तशी काढतेस. तिथं काय होतं माहितेय? दर पाळीला टेस्ट दाबायची सक्ती. भोंगा वाजला की अख्खं प्लांट शिव्या घालतं. मग ऑपरेटर काय करतो, एका हाताने टेस्ट दाबतो आणि दुसऱ्या हाताने तेव्हाच पिन उपटतो. टेस्टची नोंद होते, भोंगा बंद, मग पिन परत लावून टाकायची. सगळीकडे असंच चालतं. मी लिहिलेलं की."

"हो," मी म्हटलं. "लिहिलेलंत."

त्यांनी तसं केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी बॉक्स गोठला. आकडे जागच्या जागी थांबले, हिरवा दिवा तसाच. काकांनी पिन परत लावली आणि तपासणीच्या छोट्या सिलिंडरमधून सेन्सरवर गॅस सोडला. बॉक्स ढिम्म. डोंबिवलीच्या भिंतीवरचा बॉक्स माझ्या टेबलावर आला होता.

पण केसॅनही गप्प होता. समोर बॉक्स मेला होता आणि पडद्यावर एक ओळ नव्हती.

"तुझा पहारेकरी झोपलाय का?" काकांनी विचारलं.

ते सहज बोलले, पण मी कीबोर्ड पुढे ओढला. केसॅन झोपत नाही. त्याला झोपवावं लागतं. कर्नल बांधताना कुठली फाइल कशी बांधायची हे सांगणारी मेकफाइल असते. एखाद्या फाइलवर पहारा नको असेल तर तिथे एक ओळ लिहून ती फाइल वगळता येते. मी आमची मेकफाइल उघडली. आमच्याच गॅस सेन्सरच्या ड्रायव्हरपुढे ती ओळ होती. बाकी पाच-सहा हजार फाइलींवर पहारा, आणि ज्या एका फाइलीवर माणसांचे जीव अवलंबून, ती वगळलेली! दोन वर्षं आमच्या टेस्ट हिरव्या येत होत्या, कारण तिथे कोणी बघतच नव्हतं. मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

"कोणी केलं हे?" मी ओरडले. "कुठल्या शहाण्याने केलं?"

हे शोधणं अवघड नसतं. कर्नलच्या कामात प्रत्येक बदलाखाली नावं लिहायची पद्धत आहे. कोणी लिहिलं, कोणी वाचून पसंत केलं, कोणी तपासलं, चूक कोणी कळवली. नाव घालणं म्हणजे शब्द देणं. मी तो बदल काढला. "डेमोच्या वेळी टेस्टचा दिवा उशिरा लागतो, म्हणून तात्पुरता पहारा काढला." लिहिणारा विनीत. आणि खाली, वाचून पसंत केलं: संचिता वैद्य.

मला तो दिवस आठवतही नव्हता. शुक्रवार असणार. दर शुक्रवारी माझ्यापुढे तीस-चाळीस बदल साचायचे आणि मी संध्याकाळी निघण्याआधी भराभर नाव घालत सुटायचे. विनीतचा आहे, ठीकच असेल. दोन सेकंद. तेवढ्यासाठी तीन बायका खोकत जमिनीवर बसल्या, आणि मी दोन दिवस सगळ्या जगाच्या नावाने खडे फोडत होते.

काका इंग्रजी वाचतात. त्यांनी वाचलं. मग हातातला सिलिंडर टेबलावर ठेवला.

मी ती ओळ काढली, कर्नल पुन्हा बांधला. त्याला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे न बघता काढली. मग काकांनी टेस्ट दाबली आणि पिन उपटली. पहिल्याच झटक्याला पडदा भरून गेला. सोडलेल्या मेमरीत लिहिलं गेलं. जागा सोडली: पिन निघाल्यावर चालणाऱ्या फंक्शनने. घुसलं कोण: सेल्फ टेस्टचा टायमर. पिन निघाली तरी टायमर कोणी थांबवलाच नव्हता. तो आपला निकाल जुन्या जागेत लिहीत होता, आणि तोवर ती जागा कधी कधी डिस्प्लेला मिळालेली असायची. दुरुस्ती चार ओळींची होती.

मी त्या दुरुस्तीचा पॅच लिहिला. खाली घातलं: चूक कळवणारे, महिपत गायकवाड. आणि त्यांच्या अकराही तक्रारींच्या तारखा.

विनीतने दुपारी मला आत बोलावलं.

"फिक्स मस्त आहे. पण ते नाव काढ. आणि तारखा."

"का?"

"वेडी आहेस का? दीड वर्ष माहीत होतं असं होईल. क्लाएंट सोडेल आपल्याला? आपण अपडेट गुपचूप पाठवू. चौकशीत काकांना समज देऊन सोडायला सांगतो मी. नोकरी राहील त्यांची. सगळ्यांचं भलं."

"आणि वायर त्यांनी ढिली ठेवली हे तसंच राहणार?"

"संचिता," तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्या मेकफाइलच्या बदलाखाली तुझंही नाव आहे. विसरू नकोस."

"विसरायला मला आठवत तरी कुठे होतं?" मी म्हटलं, आणि दार जरा जोरातच लावलं. नाव काढलं नाही.

सोमवारी चौकशीला एचआरच्या ऋतिका मॅडम, विनीत, काका आणि मी. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. मॅडमनी नोटीस वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी लॅपटॉप फिरवून त्यांच्यापुढे ठेवला आणि अकरा तक्रारी एकेक करून वाचून दाखवल्या. मग केसॅनचा रिपोर्ट. मग तो मेकफाइलचा बदल.

"हा पहारा कोणी काढला?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलं विनीतने. न वाचता पसंत केलं मी. काकांचा याच्याशी एवढाच संबंध आहे की त्यांनी अकरा वेळा सांगितलं आणि आम्ही एकदाही ऐकलं नाही. नोटीस द्यायचीच असेल तर आम्हा दोघांना द्या, आणि आज द्या. हे असे तीनशे बारा बॉक्स अजून भिंतींवर आहेत."

विनीत खिडकीबाहेर बघत होता. ऋतिका मॅडम उठून बाहेर गेल्या, फोनवर बराच वेळ बोलल्या आणि परत आल्या. नोटीस मागे घेतली होती. सगळे बॉक्स त्याच आठवड्यात बदलायचे, कारखान्यांना लेखी कळवायचं. विनीतची आणि माझी चौकशी पुढच्या सोमवारी. स्वतःच्या चौकशीचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही, इतका मला आनंद झाला होता.

मॅडमनी आधीच छापून आणलेलं दोन पानांचं पत्र काकांपुढे सरकवलं. "प्रकरण मिटल्याचं आहे. इथे सही करा, म्हणजे उद्यापासून साइटवर."

मी माझं पेन काकांच्या हातात दिलं. "करा काका सही. सुटलात एकदाचे."

काकांनी पेन टेबलावर ठेवलं. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आम्ही सगळे बसून राहिलो. मॅडमनी एकदा घड्याळ पाहिलं. विनीतने खुर्ची मागे सरकवली. काकांनी पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पत्र उचलून माझ्यापुढे धरलं.

"हे वाच," ते म्हणाले. "मोठ्यांदा."

मी वाचलं. "सदर कर्मचाऱ्यास वायरिंगमधील हलगर्जीपणाबद्दल समज देण्यात येऊन..."

मी तिथेच थांबले आणि मॅडमकडे पाहिलं.

"पुढे वाच," काका म्हणाले. "अख्खं वाच. सही मग बघू."