जोडव्याखालचं बोट

सत्यभामाबाईंनी सुनेचा पाय धरून उजेडाकडे ओढला, तशी जनकाने लुगड्याचा काठ झटकन त्यावर घेतला.

"झाकून काय राह्यली? वास घरभर फिरून राह्यला."

"थोडी सूज आहे, आत्याबाई. उतरन."

"उतरन म्हणे! वांगं झालं बोटाचं."

उंबऱ्याशी शालिग्राम सोनार कातर घेऊन बसला होता. दोघींचं ठरेस्तोवर त्याने तंबाखू मळायला घेतली.

दुखणं आलं ते चिखलातून. वाफ्यांना पाणी देता देता जनकाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. खाजेने डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा सत्यभामाबाईंनीच आपली मलमाची ट्यूब दिली. जालन्याच्या बाजारातून आणलेली. त्यांच्या मानेवरचा चट्टा त्याच मलमाने गेला होता. खाज लगोलग निवली. जनका खूश. जोडवं काढायचं नाही म्हणून ट्यूबचं तोंड त्याच्याखाली खुपसून ती मलम भरायची, लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तितक्या मायेने. कातडी गोरी झाली, कागदासारखी पातळ झाली, आणि मग जोडव्याखालून बोट फुगू लागलं.

देऊळगाव राजाच्या डॉक्टरने ट्यूब पाहून कपाळाला हात लावला होता.

"हे खाज मारतं, बाई, जंतू नाही मारत. वरून सारं निजल्यासारखं, अन् आत वणवा. आधी जोडवं काढा. नाहीतर बोट जाईल, मग पाय."

जनका तिथून तशीच उठून आली. तिचा नवरा, इंद्रभान, लोणारकडे विहिरींत सुरुंग लावायच्या कामावर होता. खाली उतरायचं, वात पेटवायची, दोर धरून वर यायचं. अशा माणसाच्या बायकोने पायातलं उतरवायचं?

"ते घरी येऊ द्या," आताही ती तेच म्हणाली. "मग जोडवं कापा, नाही तं पाय कापा."

"अन् तोवर?"

"बोटच आहे ना? माणूस तं नाही."

"वहिनी," शालिग्राम म्हणाला, "चांदी मी पुन्हा जोडून देतो. बोट जोडता येत नाही मले."

सत्यभामाबाईंनी आपला डावा पाय सुनेच्या पायाशेजारी ठेवला. त्या पायाला अंगठ्याजवळचं बोट नव्हतं. त्यावरून बैलगाडीचं चाक गेलं, असंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"चाक नव्हतं गेलं," त्या म्हणाल्या. "तुहा सासरा तापात पडला होता. म्या बी नव्हतं काढलं जोडवं."

"मंग?"

"बोट गेलं. अन् तो बी गेला."

जनका बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने हळूच पाय पुढे केला आणि तोंड फिरवून दाराबाहेर, लोणारच्या वाटेकडे नजर लावली.

शालिग्रामने कातर सरकवली. चांदी मांसात रुतली होती. तिच्यासोबत सालही निघाली. सत्यभामाबाईंनी सुनेची किंकाळी ऐकायच्या भीतीने डोळे मिटून घेतले.

किंकाळी आली नाही.

"निघालं?" जनकाने तिकडेच पाहत विचारलं. "कळलं बी नाही, आत्याबाई. उगाच भ्याली मी." आणि ती हसली.

शालिग्रामने मान वर केली नाही. सत्यभामाबाईंनी ते काळं बोट चिमटीत धरलं. दाबलं. नख रोवून पुन्हा दाबलं.

"अन् आता कळलं?"

"आता काय?" जनका म्हणाली.