घरात माणसं किती?

धरमतरच्या खाडीलगत बतूलच्या गावात विहिरीचं पाणी मचूळ. म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी घ्यावी, या विचाराने ती पेणला दुकानात गेली. कतारहून लेक अदनान फोनवर म्हणाला होता, "अम्मा, पाच हजार लिटरची घे. आम्ही सुट्टीत येतोच आहोत." हे तो चार वर्षं म्हणत होता.

दुकानदाराने विचारलं, "चाची, घरात माणसं किती?"

लेकाच्या घरची चार धरून पाच म्हणायला बतूलची जीभ रेटेना. "एकच हाय," ती म्हणाली.

"मग प्यायला-रांधायला हजार लिटर बास. जूनपर्यंत पुरेल."

जुलैत टाकी दोन दिवसांत भरली. वरचं पाणी पावसाळाभर अंगणातून वाहून गेलं. नंतर बतूलने तांब्या-तांब्याने पाणी वापरलं.

आणि मे महिन्यात अदनान खरंच आला, बायको सुमय्या आणि दोन मुलांना घेऊन. मुलं टाकीच्या नळाखाली मनसोक्त भिजली. बतूलने त्यांना अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडा पडला. टँकर सोमवारशिवाय येणार नव्हता.

"मुलांना हे विहिरीचं पाणी बाधेल, अम्मा," सुमय्या म्हणाली. "आम्ही रोह्याला माझ्या माहेरी जातो."

"मोठी घे सांगितलेलं ना?" अदनान म्हणाला.

"चुकलंच माझं," बतूल म्हणाली.

रिक्षा गेली. मुलांचे टॉवेल दोरीवरच राहिले होते. तासाभरात ते कडकडीत वाळले, तरी बतूलने ते काढले नाहीत.