दहा गुण

डॉ. व्हिटकॉम्बने बेगलवरचं ओघळलेलं चीज बोटाने पुसलं, बोट चाटलं आणि प्लास्टिकचा काटा पडद्यावरच्या मेंदूकडे रोखला.

"गाठ जमेल तितकी काढली. कडेला उरलंय ते नव्या औषधाच्या चाचणीसाठी अगदी फर्मास. गुण किती?"

मेंदू व्हर्न तुओमिनेनचा होता. पण त्याचं नाव त्या खोलीत कुणी घेतलं नव्हतं. तो होता 'डावा पुढचा, एकाहत्तर वर्षं'. दर गुरुवारी दुपारी कापणारे, किरणं देणारे, औषधं देणारे, फोटो वाचणारे असे अकरा जण त्या टेबलाभोवती बसत आणि एकेका डोक्याचा निकाल लावत. एका डोक्याला सहा मिनिटं. जेवण औषध कंपनीकडून. आणि शस्त्रक्रियेनंतर व्हर्नला समोर बसवून बोललेली त्यांच्यात एकटी लॉर्ना कोस्केला, सव्वीस वर्षं नर्स म्हणून झिजलेली.

"साठ," लॉर्ना म्हणाली.

काटा खाली आला. "सत्तर लागतात."

"काय लागतं ते मला माहीत आहे. आहेत साठ."

शंभर म्हणजे धडधाकट, शून्य म्हणजे मेलेला. सत्तर म्हणजे माणूस आपलं आपण करतो. साठ म्हणजे अधूनमधून कुणाचा तरी हात लागतो. सकाळी लॉर्नाने व्हर्नला बुटाची नाडी बांधून दाखवायला सांगितलं होतं. बोटं चाचपडली, फास पडेना. शेवटी बायकोने, आर्डिसने, वाकून बांधली.

"बुटाची नाडी?" औषधांचा डॉक्टर रॅम्सी हसला. "माझ्या जावयालाही येत नाही."

"मग त्यालाही घ्या चाचणीत."

दोघेतिघे हसले. व्हिटकॉम्ब हसला नाही.

"लॉर्ना, दोन जागा उरल्यात आणि महिनाअखेर चाचणीची भरती बंद होतेय. माणूस आपल्या पायांनी चालत आला ना? परत जा, नीट बघ. चारच्या आत आकडा दे."

"नीट बघ म्हणजे सत्तर बघ."

किरणांच्या डॉक्टरीणबाईंनी मफिनचा कागद सोलला. पुढचं डोकं पडद्यावर आलं.

लॉर्ना बाहेर पडून जिना उतरू लागली. हलकट मेले. जागा भरायच्यात, माणूस नाही दिसत. आठवड्यातून दोनदा ग्रँड मरेहून दोन तास गाडी हाकत डुलूथला यायचं, पाठीच्या कण्यात सुई खुपसून घ्यायची आणि परत जायचं. कशासाठी, तर यांच्या तक्त्यातला रिकामा चौकोन भरावा म्हणून. या गिधाडांच्या पंगतीत आपण एकट्या खरं बोलतो याचा तिला अभिमान वाटला, आणि तो तिने जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत चघळला.

तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आर्डिस कॉफी आणायला गेली होती. व्हर्न खिडकीशी पाठमोरा बसला होता, आणि पडद्याच्या लोंबत्या दोरीला एका हाताने गाठी मारत होता. उजव्याच हाताने, मेंदूच्या डाव्या बाजूच्या गाठीने जो अडखळायला हवा होता त्याच. मनगटाची एक फिरकी, की फास तयार. वर सरकायचं, दुसरा फास. दोरीवर एकाखाली एक सात गाठी झाल्या होत्या. एकसारख्या, सुबक. एकतीस वर्षं लोखंडाचा दगड वाहणाऱ्या जहाजांवर काढलेल्या माणसाच्या गाठी.

लॉर्ना दारातच थांबली.

"सकाळी नाडी बांधता येत नव्हती तुम्हाला."

व्हर्न वळला. चोरी पकडल्यावर पोरं लाजतात तसा लाजला.

"किती गुण दिलेस, पोरी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं गुणांचं?"

"आर्डिसने इंटरनेटवर सगळं वाचलंय. आठवडाभर माझ्याकडून बटणं लावून घेतेय, शर्टाची, कोटाची. सत्तर मिळायलाच हवेत म्हणते." तो थांबला. शब्द शोधायला त्याला हल्ली वेळ लागे. "मला नकोत."

"मग नाही म्हणा. सही तुमची लागते."

"मी नाही म्हटलं तर मी मेल्यावरही ती मला माफ करणार नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर चार शिव्या देईल तुम्हाला, आणि घरी घेऊन जाईल मला." त्याने बोट खिडकीबाहेर केलं, सरोवराच्या दिशेने. "नोव्हेंबरात हेरिंग मासा येतो. एकदा जाळं टाकायचंय. संध्याकाळी सौनात, वाफेच्या खोलीत, बसायचंय. दुसरं काही नाही."

लॉर्नाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. साठ. आणि खरा आकडा सत्तर होता. चीज चाटणाऱ्या त्या माणसाचाच आकडा खरा होता. आणि ती? सव्वीस वर्षं माणसं बघतेय, आणि सकाळी या माणसाची बोटं तेवढी बघितली. तुला काय हवंय, हे तिनेही विचारलं नव्हतं. त्या अकरांतलीच ती एक. मघाची शिवी आता तिलाही लागू पडली.

बाहेर आर्डिसच्या बुटांचा आवाज आला. व्हर्नने दोन बोटांनी दोरी झटकली, ओढली. सातही गाठी उकलल्या. मग त्याने दोन्ही हात मांडीवर टाकून दिले, मेल्या माशांसारखे.

"अगं बाई, आलात तुम्ही!" आर्डिसने दोन्ही कप टेबलावर ठेवले. "डॉक्टरांच्या बोर्डात काय झालं? सकाळी घाबरला होता हो तो. घरी सगळं करतो. व्हर्न, दाखव बघू यांना. ती डावीकडची सुटलीच आहे आयती. दाखव ना रे."

व्हर्न वाकला. नाडीची दोन टोकं त्याने उचलली, एक बोटांतून निसटलं. त्याने वर पाहिलं नाही.

"कर ना रे," आर्डिस म्हणाली. तिचे स्वतःचे अंगठे हवेत फास टाकत होते.

टोक पुन्हा निसटलं.

लॉर्नाने साठ लिहिलेला कागद, काही न खोडता, खुर्चीवर पालथा ठेवला. तिचे गुडघे कुरकुरले, पण ती खाली बसली. व्हर्नचा पाय तिने आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही टोकं हातात घेतली आणि आर्डिसच्या डोळ्यांदेखत नाडी बांधली. एकदा, आणि मग वरून पुन्हा एकदा.

"घट्ट झाली का?"

"नाही," व्हर्न म्हणाला. "बरोबर झालीय."