दादाचा आवाज टपालात आहे

“कंपनीचा नंबर मागतोय मेला!” वेन्देलीननं टेबलावर मूठ आपटली आणि माझं सारणाचं भांडं हिंदकळलं.

“मग दे की नंबर.”

“कुठून देऊ? मी काय कंपनी आहे? ट्रामच्या डेपोतून रिटायर झालेला म्हातारा आहे मी. या जर्मन दुकानाला माणूस चालत नाही, कंपनीच लागते. एक चिप मागतोय, कारखाना नाही मागत!”

शनिवारी माझ्या भाचीचं, रादकाचं लग्न. मी शेजारपाजारी वाटायचे कोलाचे, म्हणजे सारणाचे गोड पाव, भरत होते, अर्धे दह्याचे, अर्धे आलुबुखाराचे. टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यावर माझा नवरा वेन्देलीन, त्याचा कॉम्प्युटर आणि पोट फाडलेलं ते यंत्र. माझ्या भावाचा आवाज त्या यंत्रात होता.

घशाच्या कर्करोगात ओताकारदादाची स्वरपेटी काढली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. तेव्हापासून तो टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून बोलायचा. यंत्र गुणगुणतं, ओठ त्याचे शब्द करतात. दवाखान्यातून मिळालेलं यंत्र एका सुरात रेकायचं, म्हणून वेन्देलीननं ते उघडून आतलं सगळं बदललं. बोट उचललं की सूर तिथल्या तिथे तुटायला हवा. आमच्या ओस्त्रावा शहरातल्या माणसाला ते लागतंच. आमची चोच आखूड, असं सगळा देश म्हणतो. आम्ही शब्द लांबवत नाही, तोडतो. वेन्देलीनच्या यंत्रावर दादा असा तोडून बोलायचा की बियरच्या दुकानात मागून ऐकलं तरी कळायचं, ओताकार युरित्सा आलाय, आता कुणाची तरी सालटी निघणार.

तेच यंत्र घेऊन आमचा शहाणा दादा जाम ढवळायला गेला. वाकून चव घेताना यंत्र पातेल्यात. उकळत्या जामात! चिप जळली आणि दादा मुका झाला, लग्न तोंडावर आलेलं असताना.

“दवाखान्यात तात्पुरतं यंत्र देतायत,” मी त्याला म्हटलं होतं. “घेऊन ये.”

त्यानं ते तिथेच लावून पाहिलं आणि नर्सला परत केलं. मला पाटीवर लिहून दाखवलं, “शब्द संपला तरी हे रेंगाळतं. प्रागवाल्यासारखा बोलण्यापेक्षा गप्प बसेन.”

हसावं की थोबाडीत मारावी? हा असला माज फक्त आमच्याकडेच. झेक माणसाचे हात सोन्याचे म्हणे! मोडलेलं जोडू, फुकट मिळणारं नवं घेणार नाही, आणि बायकांनी टेबलाच्या कोपऱ्यावर कणीक मळायची.

पूर्वी स्टेशनमागे सुट्या भागांचं दुकान होतं. म्हातारा मालक डब्यातून चिप काढून तळहातावर ठेवायचा. आता तिथे नखं रंगवून मिळतात. सगळा युरोप म्हणे एक झालाय, सीमेवर कुणी अडवत नाही, पण नखाएवढी चिप दारात यायची तर तिला देवाचा पासपोर्ट लागतो. जर्मन दुकानाला कंपनी हवी. पोलिश दुकान इथून सायकलवर जाता येईल एवढं जवळ. त्यांच्या वेबसाइटवर ‘शिल्लक आहे’, फोन केला तर बाई म्हणाली, शिल्लक आहे, पण आमच्याकडे नाही. इंग्लंडच्या दुकानात होती, तर ती आता जकातीत महिनाभर झोपणार. मग वेन्देलीननं यंत्रं जोडणाऱ्या हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत विचारलं, ही चिप युरोपात कुठे मिळेल? कुठे मिळेल ते एकानं सांगितलं असेल तर शपथ! ‘इतकी जुनी कशाला हवी?’, ‘सगळं यंत्रच नव्यानं का नाही बनवत?’, ‘हा प्रश्न आधी विचारून झालाय.’

“लिही त्यांना,” मी ओरडले, “की माझ्या भावाला मुलीच्या लग्नात बोलायचंय!”

“लिहिलं.”

“मग?”

“एक जण म्हणतो, अभिनंदन.”

शेवटी एका डच दुकानात सापडली. एक विकत नव्हते, मूठभर घ्यावी लागली. वेन्देलीन दिवसातून कितीदा खाली टपालपेटीकडे जायचा. रादका फुलांचं विचारायला आली तर हा तिला म्हणतो, “बाबाचा आवाज टपालात आहे, बाळ. रॉटरडॅमहून निघालाय.”

शुक्रवारी पाकीट आलं. वेन्देलीननं फोडलं, भिंग लावलं आणि मटकन खुर्चीत बसला.

“काय झालं?”

“नंबर तोच आहे. अंग दुसरंच.”

मी वाकून पाहिलं. जुन्या चिपला झुरळासारखे पाय होते, भोकात बसणारे. ही मुंगीपेक्षा लहान. एकाच नावाची चिप दोन मापांत येते, आणि मागवताना शेवटचं अक्षर बघायचं असतं म्हणे. चाळीस वर्षं डेपोत तारांना डाख देणाऱ्या माणसानं घाईत तेच बघितलं नव्हतं.

“काही बोलू नकोस,” तो म्हणाला.

“मी कुठे काय बोलले?”

“तुझं तोंड बोलतंय.”

तरी बसला. केसासारख्या तारा त्या मुंगीच्या पायांना डाखल्या. दादा समोर बसून श्वास रोखून बघत होता. म्हणजे गळ्याचं भोक बोटानं दाबून. बटण दाबलं. काही नाही. दुसरी चिप लावली. काही नाही. मग वेन्देलीनला काय वाटलं कोण जाणे, त्यानं माझं नेलपॉलिश काढायचं औषध मागितलं, बोळा बुडवून चिपवर फिरवला. नंबर पुसून गेला. खाली कोरं काळं प्लास्टिक. कुणीतरी वर नाव रंगवून विकलं होतं.

मी खूप शिव्या दिल्या. दुकानाला, रॉटरडॅमला, युरोपला, सोन्याच्या हातांना, आणि दादाला सगळ्यात जास्त. तो ऐकत बसला. त्यामुळे माझा संताप आणखी वाढला. मग मी कोट चढवला, ट्राम पकडून दवाखान्यात गेले आणि सही करून ते तात्पुरतं यंत्र घेऊन आले.

शनिवारी जेवणाआधी, सूप वाढून झाल्यावर, मी ते त्याच्या ताटाजवळ ठेवलं.

“दादा, लाव. प्रागवाल्यासारखा तर प्रागवाल्यासारखा. पोरगी वाट बघतेय.”

त्यानं ते उचललं, वळवून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. रागानं नाही. नंतर उभा राहिला.

खानावळीचा तो हॉल गजबजलेला. वेन्देलीननं चमचा ग्लासवर वाजवला. लोक वळून बघू लागले. दादा बोलायला लागला. फुप्फुसातली हवा तोंडात येतच नाही त्याच्या, त्यामुळे ऐकू येत होता फक्त ओठांचा आणि जिभेचा टकटक आवाज. मालकानं बियरचा नळ बंद केला. स्वयंपाकघरातून पंख्याची घरघर येत होती. कुणीतरी आत जाऊन तीही थांबवली.

माझी खुर्ची त्याच्या मागे होती. मला त्याची पाठ दिसत होती आणि समोर रादका, त्याच्या ओठांवर डोळे लावून बसलेली.

“हो, बाबा,” ती म्हणाली.

टकटक.

“आईचं सांगणं नाही विसरणार.”

टकटक, बराच वेळ.

“तो नाही ओरडत माझ्यावर. मीच ओरडते.” लोक हसले. दादाचे खांदेही हलले.

मग तो काहीतरी थोडंसंच बोलला. रादकाचे ओठ त्याच्याबरोबर हलले. नवरदेवानं तिचा हात धरला.

“परत सांगा ना, बाबा,” ती म्हणाली.

त्यानं परत सांगितलं. मी मान वाकडी करून पाहिलं, खुर्ची सरकवली, पण त्याच्या कोटाच्या आड मला त्याचे ओठ दिसले नाहीत.