म्हशीचे वरचे दात

आमच्या शेजारच्या वकिलानं कोर्टाची पायरी कधी पाहिली नाही. शेती करतो, दोन म्हशी पाळतो. पण कुणी ‘आज ऊन फार’ म्हणलं की ‘ऊन कुठंय, उकाडा आहे’ म्हणणार. म्हणून गावानं त्याला वकील केला.

त्या दिवशी सकाळीच नवरा-बायकोचं वाजलं. धाकट्या म्हशीनं लाथ मारून भरली बादली सांडली होती. ती विकायची यावर दोघांचं एकमत. भांडण होतं कशी विकायची यावर.

“बाजारात न्या. चार लोक हात लावून बघतील.”

“अन् टेम्पोचं भाडं तुझा भाऊ देणार का? मोबाईलवर फोटो टाकतो. गिऱ्हाईक दारात येतं का नाही बघ.”

दुपारच्या आत फोन आला. वकील नेहमीसारखा स्पीकर लावून बोलत होता. मी कुंपणाला काट्या लावत होतो, म्हणून ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं, असं आमची ही म्हणते.

“काका, म्हैस पसंत आहे. तुमची किंमत मान्य,” पलीकडचा म्हणाला. घासाघीस नाही, वाद नाही. वकील लोण्यासारखा विरघळला. त्या माणसानं चौकोनी ठिपक्यांचं चित्र पाठवलं. हे स्कॅन करा, पिन टाका, इसाराचे दोन हजार तुमच्या खात्यात. वकिलानं पिन टाकला आणि दोन हजार यायचे तर गेले.

“उलटं झालं वाटतं काका. त्या खात्यात गडबड असेल. घरात दुसरं खातं आहे का? त्यातून करा, सगळं एकदम परत येईल.”

दुसरं खातं बायकोचं. चार वर्षं दुधाचे पैसे तिनं त्यात साठवले होते, कडबाकुट्टीचं यंत्र घ्यायला. विळ्यानं वैरण तोडून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता.

वकील फोन चालू ठेवूनच कुंपणालगतच्या गोठ्यात गेला. “अगं, तुझा मोबाईल दे. अन् पिन सांग.”

“कशाला?”

“म्हशीचे पैसे यायचेत.”

“पैसे यायला पिन कशाला? डेअरीचे दर दहा दिवसांनी येतात. त्यांनी कधी मागितला?”

“तुला यातलं कळत नाही.”

“नसेल. कितवं वेत, विचारलं का त्यानं?”

वकील थांबला. “नाही.”

“दूध किती देते? लाथ मारते का?”

“लाथेचं मीच सांगितलं नाही.”

तिनं शेणाचे हात धुतले, पुसले आणि त्याच्या हातातून फोन घेतला. “दादा, म्हैस गुणाची आहे. पण खोटं कशाला बोलू, खालचे दात आठ आहेत, वरचे पुढचे एकही नाहीत. चालेल का?”

पलीकडं जरा विचार झाला. “मावशी, वरचे पडले असतील तर हजार कमी करा.”

मी काटी टाकून तोंडावर हात ठेवला. म्हशीला वरचे पुढचे दात नसतातच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

“पाण्यात म्हैस, बाहेर मोल करणारे पुष्कळ पाहिले,” ती म्हणाली. “तुम्ही तर म्हैसच पाहिलेली नाही.” फोन बंद करून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. “तुमच्यातून किती गेले?”

“दोन हजार.”

ती ओरडली नाही. पासबुकाच्या मागचा तक्रारीचा नंबर काढला, तिथं फोन लावायला लावला, आणि तशीच त्याला बँकेत घेऊन गेली. तिथल्या कारकून बाईनं खातं थांबवलं, पिन बदलायला लावला. “पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, काका. लागतो तो द्यायला. लगेच आलात हे बरं केलंत. मिळतीलच असं नाही, पण बघू.”

परतताना वकील म्हणाला, “गावात बोलू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“झाका. आत काही उरलंय का तेवढं बघा.”

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत एकजण सांगत होता, त्याच्या शेळीला फोनवर गिऱ्हाईक आलंय, फार गोड माणूस, सांगितली तीच किंमत कबूल केली. वकिलानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. बायको मागंच किटली घेऊन उभी होती. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. दोन हजार, पिन, अगदी वरच्या दातांसकट. लोक पोट धरून हसले. शेळीवाल्यानं हसता हसताच तो नंबर ब्लॉक करून टाकला.

फक्त लोहार हसला नाही. रांग पांगल्यावर तो वकिलाजवळ आला. “मी गाय विकायला काढली होती. परवा मलाही तसलंच चित्र आलं.”

“बँकेत गेलास?”

“कुठल्या तोंडानं जाऊ? घरीसुद्धा बोललो नाही.”

वकिलानं ना वाद घातला, ना आकडा विचारला. गाडीला किक मारली. “बस मागं. पासबुकाचं नंतर बघू.”

लोहार बसायला लागला, तशी वकिलाच्या बायकोनं त्याच्या हातातली रिकामी किटली काढून घेतली. “मी पोचवते तुमच्या घरी. काय सांगू?”

लोहार गाडीवर बसला.

“बँकेत गेलाय म्हणून सांगा, वहिनी,” तो म्हणाला. “अन् कशाला गेलाय, तेही सांगा.”